शेऱ्याचा रकाना

शनिवार, मार्गशीर्षातला पहिला. वेळ सकाळी साडेअकरा. ठिकाण खालचा डोह. हजर: मनीषा, संतोष, हिरा. गैरहजर: कोणी नाही.

आमच्या नोंदवहीच्या एकोणिसाव्या पानावर हे असं लिहिलेलं आहे. अक्षर माझं, शाई निळी, ओळ पट्टीने आखलेली. यातलं एकच नाव खरं आहे. त्या शनिवारी डोहावर हिरा एकटी होती, आणि तीही मेंढरं घेऊन आली होती, नोंद घ्यायला नव्हे. संतोष पौडला क्रिकेट खेळायला गेला होता. मनीषा, म्हणजे मी, घरच्या खळ्यावर भाताच्या झोडणीत होते.

आमचं गाव मालेच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत. घर सिमेंटचं, पुढे पत्र्याची पडवी, मागे गोठा, आणि बाजूला आबांनी नव्याने काढलेल्या दोन खोल्या. त्यात बंगल्यांच्या बांधकामावरची माणसं भाड्याने राहायची. आबा, आई, मी, धाकटा भाऊ आणि आबांचे भाऊ नाना, त्यांच्या घरचे चौघं, असा एका चुलीवरचा पसारा होता. सकाळी सगळ्यात आधी तवा वाजायचा. तांदळाच्या भाकरीला आई उकड काढायची, आणि पीठ मळताना तिच्या बांगड्या परातीवर आपटायच्या, त्या आवाजाने मी उठायचे. कालवण बहुधा वालाचं, नाहीतर सुकटीचं. पावसाळा सरला की खेकडे. नाना खेकडे धरण्यात पटाईत होते. दगडाच्या कपारीत हात घालायचे आणि नांगी बोटाला लागली तरी तोंडातून शब्द काढायचे नाहीत. खेकड्याच्या रश्श्याला आई तांदूळ वाटून लावायची. तो रस्सा मी पंचवीस वर्षांत खाल्लेला नाही. करता येतो. खेकडे बाजारात मिळतात. पण ते कुठल्या पाण्यातले हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि विकणाऱ्याला ते सांगता येत नाही.

नदी मुळा. धरण आमच्या वरच्या अंगाला आहे, पण धरणाचं पाणी डोंगरापलीकडे कोकणात उतरतं. पाऊस थांबला की आमच्या वाट्याला नदी म्हणजे डोहांची माळ. वरचा डोह, मधला, खालचा. मधला दिवाळीनंतर आटायचा. वरच्या डोहाच्या कडेची जमीन पुण्याच्या एका माणसाने घेतली आणि पाण्यापर्यंत तारेचं कुंपण घातलं. राहिला खालचा. गावच्या म्हशी, धुणी आणि धनगरवस्तीची मेंढरं, सगळं त्याच्यावर.

नववीत आम्हाला विज्ञानाला नव्या बाई आल्या. पुण्याहून एसटीने यायच्या, पायात कायम बूट. त्यांनी नदीचं आरोग्य तपासायचं काढलं. सहा महिने, दर शनिवारी, शाळा सुटल्यावर. सुरुवातीला बाई सोबत यायच्या, मग आम्ही तिघंच. साहित्य असं: एक थर्मामीटर, रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांची डबी, सुतळीला बांधलेली पांढरी थाळी आणि चहाची मोठी गाळणी. थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की सुतळी मोजायची. ते काम संतोषचं. तो थाळी दर वेळी पतंगाला ढील दिल्यासारखी सोडायचा आणि बाईंची बोलणी खायचा. दगड उलटून खालचे किडे गाळणीत धरायचं काम हिराचं. त्या किड्यांवरून पाणी चांगलं की वाईट ते कळतं, असं बाईंनी सांगितलं तेव्हा हिरा हसली होती. "बाई, ह्ये तर आमची आजी सांगत हुती. ह्यो चपटा किडा गेला की पानी गेलं." बाईंनी तिला शाबासकी दिली आणि मला म्हणाल्या, "मनीषा, आजीचं लिहू नकोस हं. जे मोजलं तेच लिहायचं. ऐकीव लिहायचं नाही."

वही माझ्याकडे होती. मला ती मागावी लागली नाही, वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं. किराणा, दूध, शाळेतल्या खडूंच्या पेट्या, सगळ्याच्या याद्या मीच करायचे. हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कॅबचं वेळापत्रक मी आज लावते, कोण कुठून किती वाजता बसणार याचं. पन्नास गाड्या आणि एकही चौकट रिकामी नाही. लोक कौतुक करतात. रिकामी चौकट मला तेव्हाही बघवत नसे. बाईंनी फळ्यावर नऊ रकाने काढून दाखवले होते, शेवटचा शेऱ्याचा. मी वहीत आठच आखले. पानाची रुंदी पुरेना, आणि शेवटचा अरुंद, वेडावाकडा रकाना मला खपला नसता. बाई बघून म्हणाल्या, "शेरा राहिला की." मी म्हटलं, "पुढच्या वहीत घेते, बाई." त्या हो म्हणाल्या.

शाळेच्या फाटकाशेजारच्या भिंतीवर बाईंनी एक काळा चौकोन रंगवून घेतला होता. सोमवारी शाळेत वही तपासून झाली की बाई पुढच्या कामाला लागत, पण चौकोन मात्र मी शनिवारीच लिहायचे. 'आजचे पाणी', आणि पुढे चांगले, मध्यम किंवा वाईट. गावात त्याची चेष्टा व्हायची. "काय मने, नदीला ताप बीप हाय का आज?" असं पारावरचे म्हातारे विचारायचे. पण येता-जाता वाचायचे. ज्यांना वाचता येत नसे ते वाचून घ्यायचे.

दसऱ्याच्या सुमाराला नानांनी ओढ्याकाठचं वरकस, भात न पिकणारं रान भाड्याने दिलं. तिथे पत्र्याची मोठी शेड उभी राहिली आणि आत चादरी धुण्याचा कारखाना. हिंजवडीच्या गेस्टहाउसांच्या आणि आमच्याकडच्या रिसॉर्टांच्या चादरी टेम्पो भरभरून यायच्या. मागच्या मोकळ्या रानात तारा बांधल्या होत्या, त्यावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी मोठ्या रस्त्यावरूनही दिसायच्या. गावातल्या चार बायांना काम मिळालं. यंत्राची घरघर आमच्या पडवीपर्यंत यायची, भाकरी थापतानाही आई म्हणायची, "चादरीवाला सुरू झाला." धुणं झालेलं पाणी ओढ्यात, ओढा खालच्या डोहात. आमच्या वहीत कार्तिकभर 'चांगले'च आहे, आणि ते खरं आहे. आम्ही शनिवारी साडेअकराला मोजायचो आणि कारखान्याच्या टाक्या आठवड्यातून एकदा शुक्रवारी संध्याकाळी रिकाम्या व्हायच्या. तेव्हा ओढ्याला पाणी होतं, शनिवारपर्यंत सगळं वाहून जायचं. मार्गशीर्षात ओढा आटला. मग टाक्यांचं पाणी डोहात आलं की तिथेच राहू लागलं.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या शनिवारी मला एवढंच माहीत होतं की झोडणीला माणूस कमी आहे.

खळ्यावर पेंढ्या आपटण्याचा आवाज चालला होता. आबा, नाना, खोल्यांतले दोन भाडेकरू. दाणे उडून मानेत जायचे आणि सगळं अंग खाजायचं. दुपारी आईने भाकरी, वालाचं कालवण आणि कांदा आणला. आम्ही जेवायला बसलो तेव्हा हिरा बांधावरून आली. मेंढरं खालच्या पडिकात सोडलेली, तिच्या हातात काठी.

"मने, आज नदीव आली न्हाईस?"

"झोडणी हाय. दिसंना व्हय तुला?"

"दिसतंय की. भाकर खातीया, त्ये बी दिसतंय." मग ती जवळ आली आणि आवाज उतरवला. नाना बसले होते म्हणून असेल. "आगं, चांदी पान्याला तोंड लावंना. धा येळा वळावली. नुसतं हुंगतीया आन् मागं सरतीया. कडंला फेस हाय, साबनावानी. लिव की वहीत."

चांदी ही त्यांची पुढची मेंढी. ती पाण्याला गेली की बाकीची जायची, ती थांबली की सगळी थांबायची.

मी म्हटलं, "मेंढराचा रकाना न्हाई."

"मग फेसाचा हाय न्हवं?"

"तू मोजलंस का? पट्टी घातली हुती का?"

"पट्टी तुझ्याकडं हाय, मने."

"मग कसं लिवू? ऐकीव लिवायचं न्हाई, बाईनी सांगितलंय."

हिराने माझ्या ताटलीतला कांदा उचलला आणि खाल्ला. "बरं," म्हणाली. "तुझी वही, तू बघ." आणि मेंढरांकडे गेली.

झोडणी उरकली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नदीवर जाऊन यायला अर्धा तास लागला असता. मी हातपाय धुतले, पडवीत बसले आणि वही उघडली. एकोणिसाव्या पानावरची ओळ रिकामी होती. मागची अठरा पानं भरलेली, हे एकच पांढरं. मी मागच्या शनिवारचे आकडे बघितले आणि उतरवून काढले. तापमान अर्ध्या अंशाने कमी लिहिलं, थंडी पडली होती म्हणून. वास: नाही. फेस: नाही. दगडाखालचे जीव: भरपूर. मग शाळेपर्यंत गेले आणि भिंतीवर लिहिलं, आजचे पाणी: चांगले. ऐकीव लिहायचं नाही हा नियम मी पाळला होता. न मोजलेलं लिहायचं नाही हाही नियम त्याच वाक्यात होता, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आज हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण त्या संध्याकाळी मला अगदी बरं वाटलं होतं. पान पुरं झालं होतं.

रविवारी सकाळी मी दळण घेऊन निघाले, तर भिंतीसमोर हिराचे वडील, बिरूमामा, उभे होते. खांद्यावर घोंगडी, मागे सगळी मेंढरं रस्ताभर पसरलेली, तोंडं उघडी टाकून. मला बघून म्हणाले, "ये पोरी. ह्ये काय लिवलंय, वाच बरं."

"आजचे पाणी चांगले."

"कालचं का आजचं?"

"कालचं, मामा."

"तुमीच मोजलंय न्हवं?"

मेंढरांच्या गळ्यातल्या दोन-तीन घंटा वाजत होत्या. मी डोक्यावरचं दळण सावरलं आणि म्हणाले, "व्हय."

मामा माझ्याकडे बघून हसले. "आमची हिरी म्हनतीया, नगं. आता जनावरांचा काल सकाळपास्नं घसा वाळलाय. वरच्या डोहाला तारा. न्यावं कुटं? पर शाळंनं मोजलंय म्हंजी बरंच आसंल. मेंढरू काय, नव्या वासाला बिचकतंय." आणि त्यांनी ओठांनी हाकारायचा आवाज काढला. मेंढरं वळली, नदीकडच्या उताराला लागली. मी गिरणीत जाऊन दळण आणलं.

मी हाक मारायला हवी होती. उतार लांब आहे, हाक पोचली असती. हे मी इतक्या वेळा मनात केलंय की कधी कधी मला वाटतं, मी खरंच मारली होती.

चांदीने रविवारीही तोंड लावलं नाही. मामांनी तिला कान धरून पाण्यात घातलं, तोंड बुडवलं. मग ती प्याली आणि तिच्यामागे बाकीची. सोमवारी सकाळी मी शाळेत निघाले तर धनगरवस्तीवरून बायांचा आवाज येत होता. नऊ मेंढ्या गेल्या, सात गाभण होत्या. बाकीच्या पोट फुगून पडलेल्या. चांदी पहिली गेली होती. हिरा मेंढरांमध्ये बसली होती, एकेकीच्या तोंडात ताक घालत. तिने मला बघितलं आणि काम चालू ठेवलं. मी तिथे वहीचं दप्तर घेऊन उभी होते. जनावरांचे डॉक्टर आले, डोहातलं पाणी बाटलीत भरून घेऊन गेले. त्या बाटलीचं पुढे काय झालं हे गावात कोणालाच कळलं नाही. मामा दोनदा विचारायला जाऊन आले.

बुधवारी पारावर बैठक बसली. मामांची मागणी एकच होती: चादरीवाल्याने ओढ्यातली नळी बंद करावी, पाणी दुसरीकडे जिरवावं, म्हणजे राहिलेली मेंढरं तरी डोहावर नेता येतील. "दुसरं कायबी मागत न्हाई," ते म्हणाले. "पानी ऱ्हाऊ द्या." कारखान्याचा मॅनेजर आला होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. म्हणाला, "बाबा, तुमचं नुकसान झालं, वाईट वाटतं. पण पाण्याने झालं हे कशावरून? तुमच्याच गावची मुलं दर आठवड्याला पाणी तपासतात. त्यांचीच वही बघा ना." हे त्याला कोणी सांगितलं होतं ते मला तेव्हाच कळलं. नाना पाराच्या दुसऱ्या कडेला बसून पायातलं कुरूप बघत होते.

वही माझ्या दप्तरात होती. मला उभं केलं. बाई मागे बायांत उभ्या होत्या, त्यांनी मान हलवली, वाच म्हणून. मी वाचलं. शनिवार, मार्गशीर्षातला पहिला. हजर: मनीषा, संतोष, हिरा. संतोषने मान खाली घातली. वास नाही. फेस नाही. माझा आवाज चांगला होता, शाळेत प्रार्थना मीच सांगायचे. हिरा तिच्या आईशेजारी खाली बसली होती. ती उठून म्हणू शकत होती की हे खोटं आहे. पण तिचंही नाव त्या ओळीत होतं, हजर म्हणून. बिरूमामा मात्र माझ्याकडे रागाने बघत नव्हते. ते नीट ऐकत होते, मान डोलावत, पोर काय सुरेख वाचते म्हणून.

"झालं," पारावरचं कोणी तरी म्हणालं. "वहीत हाय त्ये हाय."

बैठक उठली.

मी गप्प राहिले नाही, एवढं मला लिहायचं आहे. त्याचा उपयोग झाला नाही हेही लिहायचं आहे. घरी गेल्या गेल्या आबांना सांगितलं. आबा गोठ्यात होते. त्यांनी शेणाची पाटी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता बोललीस तर ल्वाक म्हंतील, चुलत्यावर डूख धरून पोरीला पढवली. आमा भावांचं येका चुलीव चाललंय त्ये चालू दे." आईने भाकरी थापायची थांबवली आणि परत सुरू केली. मग बाईंना सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या बराच वेळ वही चाळत राहिल्या. "एक ओळ खोटी म्हटली की मनीषा, सगळी वही खोटी होते. मग पुढच्या महिन्यात खरंच वाईट पाणी सापडलं तर कोण ऐकेल?" मला ते पटलं. अजूनही अर्धं पटतं. पुढच्या दोन शनिवारी आम्ही खरोखर डोहावर जाऊन मोजलं, 'वाईट' आलं, मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं. कोणी ऐकलं नाही. पौषात बाईंची बदली झाली आणि भिंतीवर पोलिओच्या डोसाची जाहिरात रंगवली गेली.

हिरा शाळेत आली नाही. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन वस्तीवर गेले. वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती. उरलेली मेंढरं मामांनी दौंडकडच्या पाहुण्यांना दिली होती. हिरा कामावर गेली होती. कुठे, तर चादरीवाल्याकडे. मी शेडच्या मागे गेले. ती आणि दुसरी एक बाई चादरीची चार टोकं धरून घडी घालत होत्या. दोघी एकमेकींकडे चालत यायच्या, टोकं जुळवायच्या, परत मागे जायच्या. हिराच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. मी तिळगूळ पुढे केला. तिने चादर सोडली नाही, तोंड उघडलं. मी तिच्या तोंडात घातला.

"हिरे," मी म्हटलं, "त्या दिशी तू सांगितलंस..."

"रकाना नव्हता न्हवं," ती म्हणाली. टोमण्याने नाही. तिने ते खरं धरलं होतं. मग समोरच्या बाईला म्हणाली, "मावशे, वड की. लोंबतीया तिकडून."

हिरा आता कासार आंबोलीत असते. तिथे दिली, नवरा एका बंगल्याची बाग बघतो, ती घरकाम करते. मी पौडला राहते आणि रोज तिच्या फाट्यावरून हिंजवडीला जाते. चादरीचा कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता लग्नाचं लॉन आहे. खेकडे परतले नाहीत. आमच्या शाळेतली मुलं पुन्हा नदी तपासतात, मोबाइलवर नोंदी करतात, फोटोसकट. गेल्या महिन्यात तिथल्या तरुण सरांचा फोन आला. त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं की जुनी वही माझ्याकडे आहे. "मॅडम, एवढ्या जुन्या नोंदी तालुक्यात कोणाकडेच नाहीत. मुलं आलेख काढणार आहेत, तेव्हाची नदी आणि आताची. कधी येऊ घ्यायला?" मी म्हटलं, शोधते. वही कपाटातल्या दुसऱ्या खणात आहे, शोधायची गरज नाही.

त्या आलेखात मार्गशीर्षातला पहिला शनिवार स्वच्छ पाण्याचा म्हणून उभा राहील. मी ती ओळ खोडू शकते. पण खोडली की चौकट रिकामी राहते, आणि खरं काय लिहायचं ते मला माहीत नाही. फेस किती होता, कडेलाच की मध्यापर्यंत, वास होता का, चपटा किडा दगडाखाली होता का. त्या दिवशी डोहावर एकच माणूस होतं, आणि मी तिला विचारलंच नव्हतं. विचारलं ते पट्टीचं.

दोनदा मी फाट्यावर गाडी वळवली. एकदा बंगल्याच्या फाटकापर्यंत गेले. हिरा मागच्या दारी धुतलेली चादर तारेवर टाकत होती, एकटीच, दोन टोकं हातात आणि एक दातांत धरून. मी गाडीतच बसले, आणि हॉर्न न वाजवता परत फिरले. कामावर उशीर होत होता, हे खरं आहे. पन्नास गाड्या थांबल्या असत्या.

आज सोमवार. आठवड्याची नवी यादी केली. गेल्या आठवड्यातली राहिलेली कामं वर घ्यायची, ही माझी पद्धत. राहिलेलं काम एकच होतं, ते पहिल्या ओळीत उतरवलं: हिराकडे जाणे, वही सोबत नेणे, तिला विचारून एकोणिसावं पान भरणे. वहीच्या त्या पानाला उजवीकडे पट्टी लावून मी पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली आहे. रकाना अरुंद झालाय, थोडा वाकडाही. वर 'शेरा' लिहिलं आहे. खाली अजून काही नाही.